सहा व्होल्टचा अर्थ

चूक सांगायची तर आधी धंदा सांगावा लागेल, कारण माझ्या चुका धंद्यातूनच आल्या. अकोल्यात टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत माझं मोटार रिवायंडिंगचं आणि बॅटरीचं दुकान आहे. मार्च ते जून कूलरच्या मोटारी, पाऊस पडला की शेतकऱ्यांचे फवारणी पंप, आणि इन्व्हर्टर बारा महिने. वडिलांच्या हाताखाली बसलो त्याला तीस वर्षं होऊन गेली. ॲसिडच्या बॅटरीचा कुठला सेल बसलाय हे मला मीटर लावायच्या आधीच बहुतेक कळतं. म्हणून 2023 च्या दिवाळीत भाचा म्हणाला, "मामा, गाडी मी जोडतो, बॅटरीचं तेवढं तुम्ही बघा," तेव्हा त्यात बघण्यासारखं काही असेल असं मला वाटलंच नाही.

गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ‘हॉर्नेट’. जपानच्या टामिया कंपनीने ती 1984 मध्ये काढली आणि 2004 मध्ये तशीच पुन्हा बाजारात आणली. डब्यात सुटे भाग येतात. चाकं, गिअर, स्प्रिंगा, स्क्रू सगळं हाताने जोडायचं, पारदर्शक प्लॅस्टिकची बॉडी आतून रंगवायची. भाचा पुण्यात नोकरीला आहे. पहिल्या बोनसमधून त्याने हा डबा घेतला आणि जोडायला मुद्दाम अकोल्याला घेऊन आला, कारण या गाडीची गोष्ट त्याने लहानपणापासून माझ्याच तोंडून ऐकली होती.

ती गोष्ट अशी. 1988 च्या उन्हाळ्यात जठारपेठेत आमच्या शेजाऱ्यांचे जावई मस्कतहून आले, त्यांनी मुलासाठी हीच गाडी आणली होती. मी अकरा वर्षांचा. संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही सात-आठ पोरं तिच्यामागे धावायचो. काळ्या मातीचा फुफाटा उडवत ती जायची, मागची चाकं उड्या मारायची. दहा-बारा मिनिटं झाली की तिचा आवाज खाली यायचा, वेग कमी व्हायचा. कुणीतरी ओरडायचं, "दमली!" मग तो मुलगा तिला उचलून घ्यायचा, पोटातून बॅटरी काढायचा आणि आम्ही पाळीपाळीने त्या गरम बॅटरीला हात लावून पाहायचो. रात्रभर चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही दिवसभर थांबायचो.

भाच्याला दहा मिनिटं नको होती, अर्धा-पाऊण तास हवा होता. मलाही हवा होता. जुनी बॅटरी निकेल-कॅडमियमची, सहा गोल सेल एका पट्टीत बसवलेली. एका सेलचे 1.2 व्होल्ट, सहांचे मिळून 7.2. तेव्हाच्या पॅकची क्षमता 1200 मिलिअँपिअर अवरच्या आसपास असायची. आता लिथियम पॉलिमरचा 5000 चा पॅक मिळतो, तोही वजनाला हलका. दोन सेल, प्रत्येकी 3.7 व्होल्ट, एकूण 7.4. मी मनाशी म्हटलं, 7.2 च्या जागी 7.4, फरक काय तो. पुस्तिकेत 7.2 व्होल्टचाच पॅक वापरायला सांगितलं होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी झाली. पॅक गाडीत बसेना. हॉर्नेटच्या चेसिसचा बॅटरीचा कप्पा सहा गोल सेलांच्या मापाने घडवलेला आहे, कडा गोलाईच्या. लिथियमचा पॅक म्हणजे चौकोनी कोपऱ्यांचा, कडक कवचाचा डबा. लांबी साधारण 139 मिलिमीटर, रुंदी 47, जाडी 25. कोपरे अडत होते. मी आरीचं पातं घेतलं, आतले उभे कंगोरे कापले, कानस मारली. पंधरा मिनिटांत पॅक आत गेला आणि मी भाच्याकडे समाधानाने पाहिलं.

कंगोरे शोभेचे नसतात हे मला ठाऊक असायला हवं होतं. मोटारीच्या बॉडीवरच्या पट्ट्या कशासाठी असतात हे मी दुकानात शिकाऊ पोरांना सांगतो. हॉर्नेटला वेगळी फ्रेम नाही, तो प्लॅस्टिकचा टबच तिचा कणा आहे, आणि पातळ प्लॅस्टिकला ताठपणा देणारे तेच कंगोरे होते. डिसेंबरमध्ये एका उडीनंतर कापलेल्या कोपऱ्यापासून चीर निघाली. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. भाच्याने त्या वाढीव भावात घेतलेली गाडी मी पहिल्याच दिवशी कापली होती. गोल कडांचे लिथियम पॅक मिळतात, लांबीला आखूड पॅकही मिळतात. मी आधी माप घेऊन चार दिवस थांबलो असतो तर आरी उचलावीच लागली नसती.

दुसरी चूक एका सेकंदाची. पॅकच्या तारेचं टोक आणि गाडीचं टोक जुळत नव्हतं. जुन्या गाड्यांना पांढरा प्लॅस्टिकचा कनेक्टर असतो, जास्त करंटला तो तापतो, म्हणून नवीन पॅकला वेगळा, जाड पिनांचा कनेक्टर येतो. मी तो कापून दुसरा सोल्डर करायला घेतला. लाल आणि काळी, दोन्ही तारा एकत्र धरल्या आणि कटर दाबला.

पांढरा उजेड झाला आणि कानाजवळ फटाका फुटल्यासारखा आवाज. कटरचं पातं दोन तारांच्या मधोमध वितळलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढी ती खाच आजही त्या कटरवर आहे आणि मी तो बदललेला नाही. पातं लोखंडाचं, त्याने दोन्ही टोकं जोडली की शॉर्ट होणार, हे शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायचं वाक्य आहे. ट्रकच्या बॅटरीजवळ मी हातातलं कडं काढून ठेवतो. इथे मात्र समोर खेळणं होतं, म्हणून हात सैल झाला. वस्तू लहान दिसली की मी तिच्यातला करंटही लहान धरला. तळहाताएवढ्या त्या पॅकमधून क्षणभरात निघणारा करंट कुठल्याही फवारणी पंपाच्या बॅटरीला मागे टाकेल.

तिसऱ्या चुकीला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आहे, कारण ती समजायलाच मला महिने लागले.

जानेवारीत भाचा पुन्हा आला. आम्ही गाडी शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर नेली. काय धावली ती! पंचवीस मिनिटं झाली, तिचा जोर तसाच. माझी धाकटी मुलगी आणि गल्लीतली पोरं आळीपाळीने रिमोट घेत होती. मग एकाएकी गाडी मंदावली. भाच्याने विचारलं, "मामा, थांबायचं?" मी म्हणालो, "चालू दे, पूर्ण उतरू दे. बॅटरी अर्धवट ठेवू नये." अजून पाच-सात मिनिटं पोरांनी ती रांगत रांगत चालवली आणि ती जागेवर थांबली.

घरी येऊन मीटर लावला. एक सेल 2.4 व्होल्ट, दुसरा 2.1.

‘पूर्ण उतरू दे’ हे वाक्य माझ्या तोंडी कुठून आलं? निकेल-कॅडमियमच्या काळातून. तेव्हा प्रत्येक जण सांगायचा, बॅटरी पुरी उतरवून मगच चार्ज करावी, नाहीतर तिला अर्ध्यावरच थांबायची सवय लागते. त्या बॅटरीपुरतं ते चुकीचं नव्हतं. सहा सेलांचा निकेलचा पॅक 6 व्होल्टवर आला म्हणजे एका सेलवर 1 व्होल्ट उरला. गाडी मंदावते, तुम्ही थांबता, बॅटरीचं काही बिघडत नाही. लिथियमचा दोन सेलांचा पॅक 6 व्होल्टवर आला म्हणजे एका सेलवर 3 व्होल्ट, आणि तिथे त्याची हद्द संपते. त्याच्या खाली सेलच्या आत कायमची मोडतोड सुरू होते. मीटरवर आकडा एकच, सहा. एका बॅटरीच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘आता विश्रांती घ्या’ असा होतो आणि दुसरीच्या बाबतीत ‘तुम्ही आधीच उशीर केलात’ असा.

ही गाडी 1984 ची. लिथियम-आयन बॅटरी सोनीने बाजारात आणली 1991 मध्ये. गाडी घडवणाऱ्यांसमोर ती बॅटरी नव्हतीच. त्यांच्यासमोर होती ती दमणारी, दमल्याचं वेळेवर सांगणारी आणि पुरती उतरली तरी माफ करणारी बॅटरी. जुन्या हॉर्नेटमध्ये वेग कमी-जास्त करायला सर्व्होने सरकणारी धातूची पट्टी आणि तापणारा रेझिस्टर एवढंच होतं. पुन्हा काढलेल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर असतो, पण आमच्या गाडीतला निकेलच्या पॅकसाठीचा होता. ठरावीक व्होल्टला पुरवठा तोडण्याची सोय त्यात नव्हती. लिथियमसाठीच्या कंट्रोलरमध्ये ती असते. मी बॅटरी बदलली, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं कुणी गाडीत आहे का हे पाहिलं नाही.

यानंतर जे केलं ते सांगताना मला आजही लाज वाटते. लिथियमचा चार्जर तो पॅक घेईना. व्होल्टेज कमी आहे म्हणून तो बरोबरच थांबत होता. ते यंत्र मला नीट सांगत होतं, आणि मी त्याला बगल दिली. चार्जर निकेलच्या सेटिंगवर टाकला, दोन-तीन मिनिटं पॅकमध्ये जबरदस्तीने करंट ढकलला, व्होल्टेज वर आलं की पुन्हा लिथियमच्या सेटिंगवर आणला. आता त्याने घेतलं. निकेलच्या सेटिंगवर चार्जर 8.4 व्होल्टला थांबत नाही, तो वेगळ्याच खुणेची वाट पाहत बसतो. मी तिथून उठलो असतो, एखादा फोन आला असता, तर काय झालं असतं याचा विचार मी त्या वेळी केला नाही. मेलेली ॲसिड बॅटरी अशी ‘उठवून’ मी कितीतरी गिऱ्हाइकांची वाहवा घेतली होती. सकाळी पॅकचं कवच मधोमध फुगलेलं होतं. तो मी टेबलाच्या खणात टाकला आणि भाच्याला फोनवर एवढंच सांगितलं, "पॅक खराब निघाला, दुसरा मागव."

पॅक खराब निघाला नव्हता, मी केला होता. हे त्याला मी चार महिन्यांनी सांगितलं.

दुसरा पॅक फेब्रुवारीत आला. एकदा चालवला, पुन्हा पूर्ण चार्ज केला, गाडीत बसवला आणि कूलरचा हंगाम सुरू झाला. गाडी दुकानाच्या पोटमाळ्यावर गेली, वर टिनाचं छत. पूर्ण चार्ज करून ठेवणं हीसुद्धा माझ्या धंद्याचीच शिकवण. ॲसिडची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती मरते, म्हणून ती नेहमी भरलेली ठेवायची. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. लिथियमला हेच मारक आहे. भरलेल्या सेलला, म्हणजे 4.2 व्होल्टला, पडून राहणं सोसत नाही, आणि उष्णतेत तर नाहीच. त्याला ठेवायचं तर 3.8 व्होल्टच्या आसपास, अर्ध्यावर, आणि गार जागी.

2024 चा मे अकोलेकरांना आठवत असेल. शेवटच्या आठवड्यात पारा 45 अंशांच्या वर गेला आणि जिल्हा प्रशासनाने 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं. कामगारांना पाणी आणि सावली द्या, असं त्या आदेशात होतं. दुकानात खाली कूलर असूनही आम्ही ओला दुपट्टा डोक्याला बांधून काम करत होतो. टिनाखालच्या पोटमाळ्यावर किती असेल याची कल्पना करवत नाही. तिथे पूर्ण भरलेला पॅक तीन महिने पडून होता.

जूनच्या पहिल्या रविवारी धाकटीने गाडी मागितली. खाली काढली, झाकण उघडलं. पॅक कप्प्यात घट्ट रुतला होता. फुगून त्याने माझ्याच आरीने कापलेल्या जागेत स्वतःला दाबून घेतलं होतं. ओढून निघेना. मी पेचकस घेतला आणि कवचाच्या कडेला घालून उचकटायला लागलो. मुलगी समोर टॉर्च धरून उभी होती, तिचं तोंड गाडीपासून हातभर अंतरावर.

आधी गोडसर, डोक्यात जाणारा वास आला. मग फस्स असा आवाज आणि पांढरा धूर. मी मुलीला कोपराने मागे ढकललं, गाडी चाकाला धरून उचलली आणि मागच्या अंगणात फेकली. बांधकामाची रेती पडली होती, ती घमेल्याने वर ओतली. पंधरा-वीस मिनिटं रेतीतून धूर येत राहिला. शहाबादी फरशीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग पडला, गाडीचा टब एका बाजूने वितळला. कुणाला काही झालं नाही. पण मुलीच्या भुवईजवळ धुराची काजळी बसली होती. ती पुसताना माझे हात थरथरत होते, ते तिने पाहिलं. बायकोने एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला तर बॅटरीतलं सगळं कळते ना?"

त्या रात्री भाच्याला फोन करून पहिल्यापासून सगळं सांगितलं. खणातला फुगलेला पॅकसुद्धा. तो गाडीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "मामा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं की लिथियमवर कधी काम केलंय का." त्याने ते विचारायला नको होतं. मी स्वतःहून सांगायला हवं होतं.

चुका मोजल्या तर चार-पाच होतील, पण मुळात ती एकच आहे. मला बॅटरी कळते असं मी समजत होतो. मला कळत होती ती ॲसिडची बॅटरी, आणि लहानपणच्या आठवणीतून थोडी निकेलची. निकेलकडून शिकलेलं ‘पूर्ण उतरव’ मी मैदानावर वापरलं आणि ॲसिडकडून शिकलेलं ‘पूर्ण भरून ठेव’ पोटमाळ्यावर. दोन्ही शिकवणी आपापल्या जागी खऱ्या. लिथियमच्या बाबतीत दोन्ही टोकं वाईट, तिला मधली जागा मानवते. ज्याला काहीच येत नाही त्याने पुस्तिका वाचली असती, चार्जरचं ऐकलं असतं.

गाडी आता पुन्हा चालते. भाच्याने नवा टब मिळवला, तो आम्ही कापला नाही. त्यात सहा गोल सेलांचा निकेल-मेटल हायड्राइडचा पॅक बसतो, हात घातला की सरकन आपल्या जागी जातो. 3000 चा आहे, वीस मिनिटांच्या आसपास चालतो. लिथियमचं वावडं धरलेलं नाही. भाच्याकडे दुसरी गाडी आहे, तिच्यात गोल कडांचा लिथियम पॅक आहे. पण तिला लिथियमचा कंट्रोलर आहे, वर सेलचं व्होल्टेज पाहून ओरडणारा बझर आहे, आणि ठेवताना पॅक गाडीबाहेर, अर्ध्यावर आणून, लोखंडी पेटीत खालच्या खोलीत जातो. फुगलेला पॅक दिसला की तो वापरातून बाद. तो खणातही जात नाही आणि घंटागाडीतही नाही, रेतीच्या डब्यातून रिसायकलिंगवाल्याकडे जातो.

खरं काम मात्र दुकानात करायचं होतं. जूनमध्येच, धुराचा वास नाकातून गेला नव्हता तेव्हा, मी 2023 च्या खरिपाची वही काढली. त्या हंगामात मी नऊ फवारणी पंपांमधली 12 व्होल्टची ॲसिड बॅटरी काढून लिथियमचा तीन सेलांचा पॅक बसवला होता. सोळा लिटरचा पंप दिवसभर पाठीवर वागवायचा, तिथे दोन किलो वजन कमी झालं तर शेतकरी दुवा देतो. पण चार्जर मी जुनाच परत दिला होता. तीन लिथियम सेल 12.6 व्होल्टला भरतात आणि ॲसिडचा चार्जर 14 च्या वर जातो. मधे फक्त पॅकमधलं रक्षक सर्किट उभं होतं, तेही स्वस्तातलं. ते एखाद्या रात्री बिघडलं असतं तर? पंप चार्जिंगला कुठे लावतात हे मला माहीत आहे. घरात, कापसाच्या गाठोड्याशेजारी, लेकरं झोपतात त्या खोलीत.

नऊही जणांना फोन केले. सात जण आले, दोघांकडे मी बार्शीटाकळीला जाऊन आलो. सगळ्यांना लिथियमचा चार्जर माझ्या खर्चाने दिला आणि कारण सांगितलं. कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

त्यांच्यातले एक काका पंप घेऊन बाकावर बसले होते. चार्जर हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, एक विचारू का? पहिलेचा पंप थकला का फवारा बारीक व्हाचा. तवा समजे का आता दोन तास राह्यले, घरी चला. हा तं येकदम बंद पडते, वावराच्या मधातच. यानं थकल्याचं सांगाव असं काही करता येते का?"

जठारपेठेतल्या धुळीत आम्ही पोरं ‘दमली’ म्हणून जे ओरडायचो, नेमकं तेच ते मागत होते. मी त्यांच्या पंपाच्या पट्ट्याजवळ एक छोटा व्होल्ट मीटर बसवला. आकडे वाचायला त्यांना चष्मा लागतो, म्हणून 10.5 व्होल्टला वाजणारा बझर जोडला आणि टाकीत पाणी भरून दुकानासमोर चालवून दाखवला. बझर वाजेपर्यंत दोघंही उन्हात उभे राहिलो. तो वाजला, फवारा अजून जोरातच होता. काकांनी स्वतःहून बटण बंद केलं.